उन्हाने पाजलेलं पाणी

बाबा,

आधी एक गंभीर तक्रार. आमच्या सीवूड्सच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गच्चीतल्या माझ्या सोलर पॅनेलवर कुरडया वाळत घालतात. काच छान तापते म्हणे. मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "काकू, यावर आमचा पंप चालतो." त्या म्हणाल्या, "चालू दे ना सर, मी कुठे अडवलंय? ऊन काय तुमच्या एकट्याचं आहे?" इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय, न्यायशास्त्राचीही थोडी तोंडओळख आहे, पण या युक्तिवादाला तोड सापडली नाही. आता अर्धं पॅनेल कुरडयांखाली गेल्यावर पाणी कमी पडून आयची झाडं वाळायला हवीत की नाही? ती कुजायला लागली.

पंप आयसाठीच बसवला होता. तू गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, ती तुझ्या वांग्यांचं बी पदरात बांधूनच. गच्चीवर कुंड्या मांडल्या, रोज तांब्याने एकेकीला पाणी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये या कुंड्यांवरून मी किती भांडलोय ते विचारू नकोस. त्या गेल्या तर तिला या घरात जीव लावायला काही उरणार नाही, हे मला माहीत होतं. पण लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते आणि पुढचा जिना तिच्या गुडघ्यांना झेपेना. म्हणून ही व्यवस्था. दिवसा उन्हावर पंप चालतो, पाणी उंचावरच्या पिंपात चढतं आणि संध्याकाळी नळ्यांतून थेंबथेंब कुंड्यांत उतरतं. पंपवाला दुपारीच थेट सोडू म्हणत होता. मी ऐकलं नाही, कारण तुझं ओरडणं अजून कानात आहे.

तळवलीच्या घरामागचा तो तुकडा. बाकी जमीन नव्या शहरासाठी सरकारकडे गेलेली, उरलेलं एवढंच. मी कॉलेजातून 'पादप' हा शब्द घेऊन ऐटीत घरी आलोय. तू वाफ्यात उकिडवा बसलायस. मी सांगतो, पादप म्हणजे झाड, पायांनी पिणारं. तू हातातलं खुरपं न थांबवता म्हणतोस, "मंग आमी काय झाराचे डोक्यावर पानी वततो?" आय तोंडाला पदर लावून हसते. फजिती लपवायला मी भर दुपारी बादली उचलतो आणि तू कडाडतोस, "उन्हात नको पाजूस! तापलेले पोराला कोनी गार पानी पाजतं का?" आपल्याकडे झाडाला पाणी कोणी घालत नसे, पाजत असत. हा भेद मला कुठल्या व्याकरणात सापडला नाही.

पंप सुरू झाला त्या दिवशी आय बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "आता उनच पाजतं व? मंग माजं काय काम?" मी म्हणालो, "तू आराम कर." मुलं आईला हेच सांगतात, मीही सांगितलं.

मग कोपऱ्यातलं वांगं पिवळं पडलं, मुळं सडली. दुसरं लावलं, तेही गेलं. पंपवाल्याला बोलावून झापलं. तो माती चिवडून म्हणाला, "सर, मशीनला टेन्शन नाय. वरून कोनतरी पानी टाकतंय." काकूंवर संशय घेऊन मी एका दुपारी टाकीच्या आडोशाला उभा राहिलो. कठडा धरून वर आली ती आय, हातात तांब्या. वांग्याच्या मुळाशी पाणी ओतलं, त्याच्याशी काहीतरी पुटपुटली आणि खाली गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. तोच तांब्या, तेच वांगं. मग आणखी एकदा. तेव्हा मी पुढे झालो.

"आये, आत्ताच पाजलंस ना त्याला?"

"कवा? सकालधरनं कोनी थेंब दिला नाय. बघ कसं सुकलंय." कुंडीच्या कडेवरून पाणी वाहत होतं. गुडघे दुखतात हेही तिच्या लक्षात नसावं.

तेव्हापासून बाकीच्या कुंड्या उन्हाच्या हवाली केल्या आहेत आणि कोपऱ्यातल्या कुंडीची नळी काढून टाकलीय. ते वांगं तिचं. कुजलं की मी नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं रोप आणून गुपचूप लावतो. तुझं बी केव्हाच संपलं, बाबा. ती तुझंच झाड समजून पाजते आणि खुशीत असते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आहेत, गुडघ्यांच्या नव्हेत. बायकोला मी सांगतो, शाळेतून सवड मिळत नाही. शाळेला सध्या सुट्टी आहे. आयला काय झालंय ते मला कळलंय. उद्या ती माझ्याकडे बघून "तू कोनाचा रे?" असं विचारेल, याची मला भीती वाटते.