कावीळ सांगितली होती

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जयदीपच्या गोळ्या बंद आहेत. फोनवर त्याच्या बायकोने, अपेक्षाने सांगितलं आणि मागून आईने आवाज चढवून दुजोरा दिला — "व्हय, मीच ठेवल्यात उचलून!"

आधी ताजी माहिती, मग पार्श्वभूमी. पेपरच्या डेस्कची सवय इथेही सुटत नाही.

तर पार्श्वभूमी. माझा धाकटा भाऊ चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. पावसाळ्यापासून झोप नाही, जेवण नाही. कंपनीची बस हॉर्न वाजवून निघून जायची आणि हा बूट घालून पलंगावर बसलेला. अपेक्षा त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या. आईने कंपनीला आणि भावकीला सांगितली कावीळ! कावीळ लोकांना कळते. महिनाभर पडून राहिलं तरी कोणी काही विचारत नाही.

पण कावीळ म्हटल्यावर सोजराआत्या आल्या. दिवाळीला आल्या त्या राहिल्याच. उशाशी गोळ्यांचं पाकीट दिसलं — "काविळीत इंग्रजी गोळ्या? वहिनी, पोराचं काळीज जाळशील!" आता खरं सांगायचं, नाहीतर गोळ्या उचलायच्या. आईने गोळ्या उचलल्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मारुंजीला आईकडे जाऊन आले. आत्यांनी घरात हळद बंद केली आहे, तेल बंद. सगळ्यांच्याच ताटात पांढरी भाजी. जयदीपचा कंपनीतला, लाइनवरचा मित्र भैरू शिफ्ट सुटली की उसाचा रस घेऊन येतो. जयदीप मुकाट्याने पितो. डोक्यावर आत्यांनी बांधलेली काविळीची माळ. ती रोज लांबते म्हणे, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली.

आईला मागच्या दारी घेतलं. म्हटलं, गोळ्या दे.

"वन्सं गेल्या की देते."

"आत्या कधी जाणार?"

"माळ उतरल्यावर."

मला हसू आलं. मग आलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आईचा फोन. माळ गळ्यात आली! आवाजात खरा आनंद. हिने स्वतःच रचलेल्या दुखण्यावर हिचाच विश्वास बसत चाललाय.

रविवार, १६ नोव्हेंबर



माळ छातीवर उतरली. आत्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले. शेजारच्या शालनबाई म्हणाल्या, "तेज आलं बघा तोंडावर!" आणि जयदीप मागे गोठ्यापाशी बसलेला. गोठ्यात आता गुरं नाहीत, भाडेकरूंच्या दुचाक्या असतात. मी शेजारी बसले.

"ताई, कावीळ उतरली म्हणतायत सगळे."

"तुला कावीळ नव्हतीच, जयदीप."

"ते माहितीये गं. पण एवढे दिवस निदान काहीतरी झालं होतं मला. आता तेही बरं झालं. आता उठलो नाही तर माझ्यातच खोट, दुसरं काय?" आणि मग — "मी नसतो तर सगळ्यांची सुटका झाली असती."

मी अपेक्षाला त्याच्याजवळ बसवलं आणि अंगणात गेले. आत्महत्येच्या बातमीखाली आम्ही मदतीचा एक नंबर छापतो. १४४१६. दोन ओळींची चौकट, पानात कुठेही बसते. किती वर्षं लावतेय. आज पहिल्यांदा फोनवर लावला.

पलीकडच्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, त्यांना एकटं सोडू नका, उद्याच डॉक्टरांकडे न्या. रात्री काही वाटलं तर थेट हॉस्पिटल गाठा. "आणि ताई, स्पष्ट विचारा त्यांना. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही."

गेले. विचारलं. जयदीप, मरावंसं वाटतं का?

"वाटतं," म्हणाला. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं — एवढा मोठा माणूस!

मग दोघांना आत आणलं आणि त्या पेढ्यांच्या ताटासमोर सगळ्यांना सांगितलं. कावीळ नव्हती. मनाचा आजार आहे, आणि औषध आपणच बंद पाडलंय.

मग आत्या — "मंग मी माळ कशाला घातली?" आई आत गेली, तांदळाच्या डब्यातून गोळ्या काढल्या आणि शालनबाईंच्या देखत अपेक्षाच्या हातात ठेवल्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रजा टाकली. दवाखाना. आई हट्टाने बरोबर आली — "मी बिघडवलंय, मी येणार."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात. कमी-जास्त काही करायचं असेल तर मला विचारून. पुन्हा सुरू केल्यात, कशा वाढवायच्या ते अपेक्षाला समजावलं. गोळ्या अपेक्षाच्याच ताब्यात राहणार, आणि काही आठवडे कोणीतरी सतत जवळ. मग जयदीपला एकेक विचारत गेल्या आणि तो उत्तरं देत गेला. आई खुर्चीच्या कडेला, पदर तोंडाशी धरून ऐकत होती.

येताना हिंजवडीच्या चौकात गाडी अडकली. एरवी आई ट्रॅफिकला शिव्या घालते. आज ती डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पुन्हापुन्हा उलगडत होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

जयदीपने भैरूला स्वतःहून सांगितलं.

भैरू ओरडलाच — "च्यायला भावा! आन् मी एवढा रस पाजला तुला. आवडत तरी होता का?"

"नाही."

"मग पीत कशाला होतास, येड्या?"

"तू आणत होतास म्हणून."

दोघे हसले. अपेक्षा स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून. जयदीपचं हसणं ती विसरली होती.

भैरूने जाताना विचारलं, उद्या काय आणू? "मिसळ. तर्री जास्त."

शनिवार, २२ नोव्हेंबर

फरक नाही. आज आंघोळही केली नाही. औषध लागू पडायला काही आठवडे जातील असं बाई म्हणाल्या होत्या. कळतं, पण धीर धरवत नाही. आत्या गावी गेल्या. निघताना जयदीपच्या तोंडावरून हात फिरवला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पान छपाईला सोडायच्या घाईत आईचा फोन. ती ऑफिसात कधी फोन करत नाही. मला वाटलं, जयदीप!

"त्यो बरा हाय. भैरूसंगं बसलाय." मग म्हणाली, "माले, त्या बाईंनी तेला इचारलं न्हाई का — झोप लागती का, सकाळी उठू वाटतं का, जगू वाटतं का. मला हे कधी कुणी इचारलंच न्हाई गं."

मी तेच सगळे प्रश्न तिला एकेक करून विचारले.

उद्या साडेदहाला दवाखान्यात आई आणि जयदीप, दोघांची नावं दिली आहेत. आधी आईचं.