दुधाचे डबे

नाशिक,
१२ ऑगस्ट १९८२

प्रिय लंका,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. शेजारच्या मुलीकडून पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच ठेवून दिलं असतंस असं वाटलं. तीन वर्षांत तू एक ओळ पाठवली नाहीस, आणि त्याबद्दल मी तुला दोष देत नाही.

आपलं पाळणाघर चालू आहे. शेडवरचे पत्रे बदलले, मुलं अठ्ठावीस झाली. सातपूरला नवे कारखाने उभे राहताहेत, त्यामुळे पेठ-सुरगाण्याकडच्या बायका अजूनही वीट-वाळू वाहायला येतात. पहिला महिना तुला आठवत असेल. तू शाळा सुटल्यावर खडूच्या हातांनीच यायचीस. आपण दोन साड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या, पण बाया मूल ठेवून जायला तयार नसत. आपण मुलं कुठे पळवून नेऊ असं त्यांना वाटे. चांगुणा पंधरा दिवस दारातच बसून होती, स्वतःचं तान्हं मांडीवर घेऊन. शेवटी तूच म्हणालीस, हिला एवढी काळजी आहे तर हिलाच मुलं सांभाळायला ठेवू. ती आली आणि मग बाकीच्या आल्या.

मग एकोणऐंशीच्या जानेवारीत त्या सिस्टर आल्या. पांढरी साडी, हातात गुबगुबीत बाळाचं चित्र असलेला डबा. त्या नर्स नव्हत्या, दूध पावडरच्या कंपनीत नोकरीला होत्या, हे मला फार उशिरा कळलं. डबे फुकट मिळणार म्हणून मी हरखले. तू विचारलंस, 'फुकट कशाला देतात?' मी तुला हसले होते. बायकांना बोलावून मी भाषणही केलं. त्या दिवशी तुला शाळेमुळे येता आलं नव्हतं, म्हणून मी काय बोलले ते तुला माहीत नाही.

एप्रिलपर्यंत मुलं सुकायला लागली. हगवण थांबेना, आणि भागीबाईच्या तान्ह्या मुलाला, वाळूला, तर मान धरवेना. मला वाटलं, दूध कुठेतरी मुरतंय. दूध कालवायचं काम चांगुणेचं. तिच्या घरी तान्हं मूल, आणि तेच तेवढं तकतकीत. एवढं मला पुरलं. मी डब्याला आतून पेन्सिलीच्या खुणा करू लागले. ती दूध कालवायला गेली की काहीतरी निमित्त काढून दाराशी उभी राहायचे. ती माझ्याकडे पाहून हसली तर वाटायचं, का हसली? नाही हसली तर वाटायचं, नजर चुकवते आहे. खुणा बरोबर निघाल्या तेव्हा मी ठरवलं की हिने खुणा ओळखल्या असणार.

पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. सगळ्या आयांसमोर मी तिची पिशवी उलटी केली. नागलीची भाकरी, मिरची आणि मुलाचं एक झबलं. 'मी नाय घेतलं, बाई,' एवढंच ती म्हणाली. पिशवीत काही सापडलं नाही, तरी उद्यापासून येऊ नकोस असं मी तिला सांगितलं. तू भाकरी उचलून तिच्या पिशवीत घातलीस आणि तिच्याबरोबर निघून गेलीस. जूनमध्ये तू बदली मागून कळवणला गेल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं.

यापुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. चांगुणा गेली तरी हगवण गेली नाही. नव्या बाईवर मी तसाच पहारा ठेवला. श्रावणात वाळू गेला. नऊ महिन्यांचा होता.

तिसऱ्या दिवशी मी भागीबाईच्या पालावर गेले. शेजारची बाई आपल्या मुलीसाठी बाटली भरत होती. रविवारसाठी घरी दिलेला डबा. बांधकामाच्या हौदातलं पाणी बाटलीभर आणि त्यात अर्धा चमचा पावडर. हलवलं तरी पाणी पांढरं होईना. मी रागावले. ती म्हणाली, डबा पुरवायचा तर असंच करावं लागतं. मी विचारलं, मग अंगावर का पाजत नाहीस? ती म्हणाली, आटलं. भागीबाई कोपऱ्यात बसली होती. तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'तुम्हीच सांगितलं ना बाई, आमच्या दुधात कस नाय म्हणून.'

हो, लंका. भाषणात मी हेच बोलले होते. सिस्टरांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं, त्यांच्यापेक्षा ठसक्यात सांगितलं. चांगुणेने तेवढं माझं ऐकलं नव्हतं. ती आपल्या मुलाला अंगावरच पाजत राहिली. म्हणून ते मूल तकतकीत होतं.

डबे मी बंद केले. मुलांना पाजायला बायकांना कामावरून दोनदा सोडावं म्हणून मुकादमाशी दोन महिने भांडले. आता सोडतात. पण हे सगळं मी पाळणाघर चालवणाऱ्या आपल्या महिला मंडळात कधी बोलले नाही. चांगुणेचं नाव अजून तिथे चोर म्हणूनच घेतलं जातं.

आज लिहायचं कारण असं. परवा एसटी स्टँडवर त्या सिस्टर दिसल्या. बरोबर दोन खोकी होती आणि त्या कळवणच्या गाडीत बसल्या. कुठे जाताय विचारलं तर म्हणाल्या, तिथे एक लंकाबाई आहेत, त्यांनी मुलांसाठी नवीन बालवाडी काढली आहे. चांगुणा तुझ्याकडेच काम करते, हेही त्यांच्याकडूनच समजलं. खोकी उघडली असतील तर बंद कर. बायकांना सभेला बोलावलं असेल तर त्यांना वाळूचं सांग, आणि माझं नाव घेऊन सांग. हे पत्र चांगुणेला वाचून दाखव. तिची माफी मात्र मी पत्रात मागत नाही. बुधवारी सकाळच्या गाडीने येते आहे. त्या सगळ्या बायका बसलेल्या असतील तेव्हाच मला तिच्यासमोर उभी कर.

तुझीच,
वत्सला