शांततेतली गुणगुण

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आपल्या गिरगावातल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण सूर लावून घ्यायला हातात बाजाची पेटी घेऊन तुम्हाला विचारत येणारे अजून येतात म्हणे. लहानपणी मी एकदा पेटीच्या सुराची पितळी पट्टी खसाखसा घासली, तेव्हा माझ्या हातातून कानस काढून घेत तुम्ही म्हणालात, "घासलेलं परत येत नाही, बाय. आधी ऐक." मला भयंकर राग आला होता.

पुढे मीही घासायचंच काम धरलं. कानाच्या मशीनमधली चिप आवाजाचे आकडे करते. प्रत्येक आकड्याला मोजके बिट, म्हणजे मोजकी घरं. घरं कमी केली की बॅटरी जास्त टिकते, पण आकड्याचं बारीक टोक कापलं जातं. कुठे किती कापलं तर चालेल, हे मी ठरवायचे. एका ठिकाणी मी दोन बिट जास्तच कापले. तिथून निघालेला आकडा पुन्हा तिथेच आत जातो. आवाज थांबल्यावर त्याने कमी होत होत शून्यावर यायला हवं. टोक कापल्यामुळे माझा आकडा शून्याच्या अलीकडेच घुटमळत राहायचा. आमच्या सगळ्या चाचण्या बोलण्याच्या, त्यामुळे शांततेत काय होतं, कुणाला पत्ताच नाही.

मग एका दुपारी मी ते मशीन तुमच्या कानाला लावलंय. चाळ झोपलीय. बोलणं झकास ऐकू येतं म्हणता तुम्ही, पण कोणी बोलत नसलं की आत कायतरी गुणगुणतंय गं. चहा टाकून परत येता, पुन्हा तेच सांगता. चिप पुढच्या आठवड्यात कारखान्यात द्यायची आहे. मी म्हणते, "वयामुळे कानात वाजतं, अण्णा."

"असेल," म्हणालात. "तू शिकलेली."

जन्मभर कानाच्या भरवशावर पेट्या लावलेला माणूस! त्यानंतर तुम्ही एकही पेटी सुरात लावली नाहीत. आलेल्यांना सांगायचात, आता माझ्या कानाचा भरवसा नाही. त्याने माझा जीव तुटायचा, तरी मी बोलले नाही. तुम्ही गेल्यावर लोकांच्याही त्याच तक्रारी आल्या, तेव्हा मी ते दोन बिट परत घातले. आता बॅटरी दीड दिवस कमी टिकते. टिकू दे.

हे पत्र कुठे पाठवणार, कपाटातच राहील. म्हणून लिहिते. तुम्ही चहा टाकायला आत गेलात ना, तेव्हा मी ते मशीन माझ्या कानाला लावून पाहिलं होतं. मलाही ऐकू आलं होतं.