इल्माचं माहेरपण

सांगली,
८ जुलै १९९९

ती. सौ. उमाआत्यास,
ज्ञानदाचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी फोनवर माझी चुगली केली, हे आईकडून कळलं. कॉलेज सुटलं की मी विश्रामबागेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून परक्या माणसांशी गप्पा मारते, हे खरं आहे. पण आधी ऐकून घे, मग रागाव.

सात बेटांची एक इंग्रजी कादंबरी आहे. प्रत्येक बेटावर एक दीपगृह. तिच्या वेडाने जगभरातले वाचक ईमेलवर जमतात, तिच्यावरून भांडतात आणि भांडून झालं की त्याच बेटांवर आपापली माणसं वसवतात. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना पोचतं. माझी आहे मनुबाई. ती बेटांमधून होडी हाकते, कासोटा घालते, तंबाखू मळते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. (थोडी तुझ्यावर गेली आहे, तंबाखू सोडून.) मागे मी तिचे गुडघे दुखतात असं सहज लिहिलं, तर ब्राझीलच्या एका मुलाने त्याच्या कथेतला वैद्य औषध घेऊन तिच्याकडे धाडला. आत्या, मनुबाई कुठेच नाही गं. तरी कुठल्या कुठल्या देशातली माणसं तिची चौकशी करतात.

सगळ्यांत माझ्या जवळच्या हेल्मीबाई. फिनलंडच्या, सत्तरी उलटलेल्या, पूर्वी पोस्टात होत्या. त्यांची इल्मा उत्तरेच्या बेटावर एकटीने दिवा सांभाळते. वादळ ओसरलं की तिला किनाऱ्यावर सोडायला दर वेळी माझी मनुबाईच जाते. सोबत दोघींची काही पानं मराठीत उतरवून पाठवते आहे.

आता सांग, ही माणसं परकी का? काकांना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ज्ञानदा


सातारा,
१४ जुलै १९९९

चि. ज्ञानदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग तुझ्या काकांना वाचून दाखवलं. चिंतामणराव म्हणाले, ती हेल्मीबाई म्हणजे एखादा मिशीवाला बाप्या नसेल कशावरून. शंका मलाही आली. पण मिशीवाला माणूस दिव्याची वात आणि काच पुसायचं फडकं यांवर पानभर लिहील, असं मला वाटत नाही. तरी पत्ता कुणाला देऊ नकोस.

खरं सांगू? मी थक्क झाले. आमच्या लहानपणी साप्ताहिकात क्रमशः गोष्ट यायची. नायिकेनं घर सोडावं की नाही यावरून माझं आणि शेजारच्या विजयमालाचं आठवडाभर वाजायचं. पण आमचं भांडण गल्लीच्या तोंडाशी संपायचं. तुझं तर पार ब्राझीलपर्यंत गेलं की. जी बाई जन्मालाच आली नाही तिचे गुडघे कुणी चोळावेत, याला काय म्हणावं? देवळात गेल्यावर होतं तसं काहीसं झालं मला.

एक चूक दाखवते. भरल्या पाण्यात तुझी मनुबाई प्रवाह सरळ कापते. तसं कुणी करत नाही. माहुलीचे नावाडी आधी काठाकाठाने वर जायचे आणि मग प्रवाहात होडी सोडायचे, म्हणजे ती नेमकी समोरच्या घाटाला लागायची. सुधार.

आई-बाबांना आशीर्वाद सांग. अभ्यास सोडून मनुबाईच्या मागे लागू नकोस, पण तिला सोडूही नकोस. तुझ्यावर लोभ आहे तो आहेच.

तुझी,
उमाआत्या


सांगली,
२२ जुलै १९९९

ती. सौ. उमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मनुबाई आता काठाकाठाने वर जाते. पण आज वेगळ्याच कामासाठी लिहिते आहे.

हेल्मीबाई इस्पितळात आहेत. डॉक्टरांनी आशा सोडली आहे, असं त्यांनीच लिहिलं, जसं काही पाऊस थांबला असं कळवावं तसं. आमच्यात एक रीत आहे. रचणारा माणूस गेला की त्याच्या पात्राला होडीत बसवून समुद्रात सोडायचं. पुढे त्याच्याबद्दल कुणी लिहायचं नाही. हेल्मीबाईंना ते नको आहे. त्यांनी मला विचारलं, इल्माला तुझ्या मनुबाईकडे ठेवून घेशील का? ती आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दिवा लावत बसली, तिला स्वतःचं घर द्यायचं माझ्याकडून राहून गेलं, असं म्हणाल्या.

आत्या, मी एकोणीस वर्षांची. दुसऱ्याची मुलगी कशी ठेवून घेतात हे मला काय माहीत? तीन वेळा लिहायला बसले. इल्मा दारात येते आणि तिथेच उभी राहते. त्या असेपर्यंत हे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. तिला आत कसं घेऊ, ते लवकर कळव.

तुझ्या आधाराची वाट पाहणारी,
ज्ञानदा


सातारा,
२५ जुलै १९९९

चि. ज्ञानदास,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, यात अवघड काय आहे? ती माहेरी आली आहे, असं समज.

दारात उभी राहते ना, राहू दे. मनुबाईला आतून भाकरीचा तुकडा आणि तांब्या आणू दे. तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मगच उंबरा ओलांडू द्यायचा. वाटेत काय काय मागे लागलं असेल ते बाहेर राहतं. पहिल्या दिवशी तिला चुलीजवळ फिरकू द्यायचं नाही. ती उठेल, मी भांडी घासते म्हणेल, तिला रागवायचं. डोक्याला तेल चोळायचं. दुपारी पदर तोंडावर घेऊन झोपली की घरातल्या सगळ्यांनी हळू बोलायचं. आणि दिवा दुसऱ्या कुणी तरी लावायचा. हे विसरू नकोस. ती नुसती बसून बघेल, तिच्या हाताला काम नाही म्हणून रडेलसुद्धा. रडू द्यायचं. कशाला रडतेस, असं विचारायचं नाही.

हे लिहिताना मलाच सगळं दिसायला लागलं. लग्नानंतर काही वर्षं बापू, म्हणजे तुझे बाबा, पंचमीला मला न्यायला मुराळी म्हणून यायचा, येताना एसटीत झोपून पुढच्या स्टँडवर उतरायचा. आई दारात तांब्या घेऊन उभी असायची. ती गेली आणि मग बापूची नोकरी, तुमच्या शाळा. आता मी येते ती लग्नाला नाहीतर आजारपणाला, आणि आल्याबरोबर पदर खोचते. तक्रार नाही गं, संसारात असंच होतं. पण इल्माच्या बाबतीत कसर ठेवू नकोस.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. मुलगी बऱ्या घरी चालली आहे, म्हणावं. तुझ्या लेखणीला यश येवो.

तुझी,
उमाआत्या


सांगली,
१० ऑगस्ट १९९९

ती. सौ. उमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुकानात बसून लिहिलं. माहेराला इंग्रजीत शब्द सापडेना, म्हणून माहेरच लिहिलं आणि खाली समजावून सांगितलं. पाठवलं आणि घाबरून दोन दिवस तिकडे फिरकले नाही.

गेले तर ईमेलची पेटी भरलेली. ब्राझीलच्या मुलाने विचारलं होतं, पुरुषांना माहेर का नसतं? आणि हेल्मीबाईंच्या मुलीचं पत्र होतं. तिने इस्पितळात आईला सगळं वाचून दाखवलं. भाकरीच्या तुकड्याचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मनुबाई दिवा लावते आणि इल्मा बसून राहते, तिथे त्या हसल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, की इल्माने तिथे किती दिवस राहायचं असतं.

तुला विचारायला वेळ नव्हता. मी आपल्या मनाने लिहिलं, की माहेरी आलेल्या मुलीला कधी निघणार असं विचारत नाहीत. हे उत्तर त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

आत्या, कुणीही होडी सोडली नाही. इतक्या वर्षांची रीत, पण सगळ्यांनी एकमताने लिहिलं, की इल्मा माहेरी आहे. त्या थंड देशातली एक बाई, तिने रचलेली मुलगी, आणि ती राहते तुझ्या आईच्या दारात.

मी बरोबर लिहिलं ना? तेवढं कळव. तुझं पत्र मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, मुराळ्याच्या मजकुरासकट. आज बाबांनी स्वतः पेन मागून घेतलं, खालचं त्यांच्या हातचं आहे.

तुझ्या मायेत वाढणारी,
ज्ञानदा

ती. अक्कास, बापूचा नमस्कार. रविवारी न्यायला येतो, पंचमीला तू इथे असशील. एसटीत झोपणार नाही. भाकरी आणि तांब्याचं हिला सांगून ठेवलं आहे. किती दिवस राहणार, ते कुणी विचारणार नाही.