तनुजाचा सायलेन्सर

धायरी, रविवार दुपार

प्रिय तनुजा,

तुझा मेसेज आईने दाखवला. दाखवला म्हणजे मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभी राहिली आणि मी वाचून होईपर्यंत हलली नाही. तू लिहिलं आहेस की, बाबा, मी व्हिडिओ कॉलवर सायलेन्सर दाखवत होते तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, मान हलवलीत आणि फोन आईकडे दिलात. आवडलं नसेल तर स्पष्ट सांगा, यापुढे मी आईशीच बोलत जाईन. वाचून मला आधी राग आला. मग जेवण गेलं नाही. म्हणून आता शेडमध्ये लेथशेजारी स्टूल ओढून लिहायला बसलो आहे. पत्र लांबणार. तुमच्या अमेरिकेत सगळं थोडक्यात लिहितात म्हणे, पण नागरिक तू झाली आहेस, मी नाही.

आधी कामाबद्दल. तू पाठवलेले फोटो मी मोठे करून करून पाहिले. बाहेरचा फिनिश बरा आहे. मी बरा म्हणतो तेव्हा काय म्हणायचं असतं, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. नळीच्या मागच्या टोपणावर मात्र बारीक लाटा उठल्या आहेत. टूल गरजेपेक्षा बाहेर काढून धरलं होतंस, ते थरथरलं. पुढच्या वेळी आखूड धर आणि घाई करू नकोस. इंजिनिअर झालीस तरी लेथला त्याचं काही वाटत नाही.

नळीवर तुझं नाव, गाव आणि नंबर कोरलेला फोटो मी जास्त वेळ पाहिला. तिकडचा कायदाच सांगतो ना, की करणाऱ्याने त्यावर स्वतःचं नाव घातलं पाहिजे? मला हा कायदा फार आवडला. मी आयुष्यभर टूलरूममध्ये पत्रा दाबायच्या डाय बनवल्या, त्यातल्या काही अजून चालू असतील, पण सगळ्यांवर नाव कंपनीचं. आपल्या आडनावाचं एक अक्षर कुठल्या लोखंडावर नव्हतं. ते तू टेक्सासमध्ये जाऊन कोरलंस. शेवटचं अक्षर थोडं खाली उतरलं आहे, पण राहू दे.

आणि परवानगी येईपर्यंत तू धातूला हात लावला नाहीस, हे त्याहून चांगलं केलंस. अर्ज केलास, बोटांचे ठसे दिलेस, फोटो दिलास आणि मग गप्प वाट पाहत बसलीस. आपल्या सोसायटीत माणसं आधी बाल्कनी बंद करतात आणि मग परवानगी कुठे मिळते ते विचारतात. मागे तू विचारलं होतंस, टोपणं तुम्ही धायरीला करून द्याल का, दिवाळीत येईन तेव्हा घेऊन जाईन. मी एका शब्दात नाही म्हणून कळवलं. तुला ते लागलं असणार. पण अगं, आपल्याकडे माझ्यासारख्या माणसाला ही वस्तू करता येत नाही, तिचा सुटा भागही नाही. विमानतळावर तुझ्या बॅगेतून तो निघाला असता तर तुझ्यापाशी तिकडची परवानगी असून इकडे काय उपयोग? माझा नकार तेवढ्यापुरताच होता. हात तर शिवशिवत होते.

प्रेमलामावशी येऊन गेली. आईने तिला कौतुकाने सांगितलं, तनुजाने घरच्या घरी सायलेन्सर केला. मावशीला वाटलं बुलेटचा. बंदुकीचा म्हटल्यावर तिने चहा खाली ठेवला आणि विचारलं, पोरगी बऱ्या लोकांत आहे ना? तिच्या लेखी सायलेन्सर सिनेमातल्या खुन्याकडे असतो आणि आवाज येतो फुस्स. मी समजावलं की तसं काही नसतं. आवाज उरतोच, चांगला मोठा उरतो, फक्त कानाचा पडदा फाटेल इतका राहत नाही. तिथे पुष्कळ लोक नेम मारायला जातात आणि कान वाचावेत म्हणून रीतसर हे लावतात. मावशी म्हणाली, मग कापूस घाला की. एवढं बोलून तिने आणखी थोडे पोहे घेतले.

कापसावरून आठवलं. तू सातवीत असताना तुला पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर नेलं, तेव्हा तुझ्या कानात कापूस मीच घातला होता. एअर रायफलचा तो काय आवाज, पण तू बोटं घालून उभी होतीस. रायफलवर तुझा गाल टेकेना, म्हणून मी सागवानाचा तुकडा तासून वर बसवून दिला. तू म्हणालीस, बाबा, आता ही माझी झाली. तिकडे गेल्यावर खरी रायफल हातात घेतलीस आणि पहिल्याच आठवड्यात मला मेसेज केलास, आवाज अडवणारे हेडफोन लावूनही घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते. मला वाटतं या सायलेन्सरची सुरुवात तिथे झाली. तो मेसेज वाचून मी फार घाबरलो होतो. तुला नुसतं कान सांभाळ एवढंच लिहिलं.

घाबरलो त्याला कारण होतं. आमच्या टूलरूमला लागूनच प्रेस शॉप होतं, मधे फक्त पत्रा. दिवसभर धाडधाड. संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची, ती रात्री जेवताना थांबायची. आम्हाला वाटायचं, कामावरून आल्याची खूण आहे. पुढे ती सकाळपर्यंत टिकू लागली. पुढे कायमचीच झाली आणि मग आम्ही तिच्याकडे लक्ष देणं सोडलं. कानावर काही लावणारा माणूस आमच्यात भित्रा समजला जायचा. मीही एकदोघांना हसलो आहे.

गेल्या पावसाळ्यात मी इथे शेजारच्या योगेशच्या पंपाचा शाफ्ट कापत होतो. निवांत काम चाललं होतं. एकदम आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने मेन स्विच बंद केला. म्हणाली, अहो, केव्हापासून मशीन किंचाळतंय, गल्लीत माणसं थांबली आहेत, तुम्ही काय करताय? मी जॉब पाहिला. सगळा लाटालाटांचा झाला होता, तुझ्या टोपणाच्या दसपट. टूल थरथरलं की लेथ उंच आवाजात किंचाळतो, शिकाऊ मुलालाही कळतं. मी मशीनवर हात ठेवून उभा होतो आणि मला काही कळलं नव्हतं.

आईला वाटलं माझं लक्ष नव्हतं. मीही तसंच वाटू दिलं. पण मग एकटाच कात्रजला जाऊन कान तपासून आलो. तिथल्या मुलीने कागदावर खाली उतरत जाणारी रेघ दाखवली. म्हणाली, काका, उंच आवाज आधी जातात. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज. पुरुषांचं बोलणं त्यामानाने ऐकू येत राहतं. समोर बसून बोलणाऱ्याचं ओठ पाहून निभतं, आणि आई काय बोलणार ते तसंही मला माहीत असतं. फोनवर मात्र तुझा आवाज उन्हाळ्यापासून पुसट होत गेला आणि आता येतच नाही. मी मान हलवतो, हसतो आणि फोन आईकडे देतो. त्या दिवशी तू नळी हातात धरून किती वेळ बोलत होतीस. तुझा चेहरा पाहून कळत होतं की काहीतरी फार चांगलं सांगते आहेस, मला तुझ्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. कानाला यंत्र बसवायचं ठरलं आहे, आईला आज रात्री सांगतो. तू मात्र सायलेन्सर लावलास तरी वर हेडफोनही लावत जा, एकही गोळी त्याशिवाय नको. आणि रागावू नकोस. त्या दिवशी काय काय म्हणालीस ते सगळं पहिल्यापासून लिहून पाठव, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलेलं नाही. अक्षर मोठं काढू नकोस, डोळे शाबूत आहेत.

तुझाच,
बाबा