आपल्या घराखाली तुझा नंबर

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून खुर्चीतूनच, मनाने आडवा झालोय असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं घोरणं कमी झालं का? इकडे मी बरा आहे. तुझी भावजयही बरी आहे आणि माझ्यावर नेहमीइतकीच नाराज आहे.

तुझा निरोप मिळाला. त्यात निरोप कमी आणि आगपाखड जास्त होती. अनोळखी माणसं तुला फोन करून 'घर अजून आहे का' असं विचारतात, हा काय चावटपणा, असा तुझा सवाल. सांगतो, पण पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सुरुवात केली तर सगळा दोष माझ्या माथी येईल.

घरं विकण्याच्या धंद्यात आता दुकानावर पाटी लावून भागत नाही, वेबसाइट लागते. म्हणून मी एका वेबसाइटवाल्या बाईंना गाठलं. (या बाईंना त्यांचं राहतं घर मीच मिळवून दिलंय. त्यातला नळ दिवसरात्र कुरकुरतो हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या माझ्यावर डूख धरून आहेत.) वेबसाइट कशी हवी हे माझं आधीच ठरलं होतं. उघडली की माझा टाय लावलेला फोटो, मागे मंद संगीत आणि ठळक अक्षरांत 'स्वप्नातलं घर, हाकेच्या अंतरावर'. बाईंनी मुकाट्याने तशी करून दिली. ती पाहणारे निघाले तिघे: मी, तुझी भावजय आणि एक गृहस्थ. त्या गृहस्थांनी फोन करून टाय कुठून घेतला ते विचारलं.

मग बाईंनी तोंड उघडलं. लोक घर बघायला येतात, तुम्हाला नाही, म्हणाल्या. झालं, मी फोटो काढत दारोदार हिंडलो. प्रत्येक घरात आरसा असतो हे तेव्हा कळलं, कारण प्रत्येक आरशात मी होतो. (एका न्हाणीघराच्या आरशात तर माझ्याबरोबर टॉवेलातले घरमालकही होते, आणि दोघंही दचकलेले.) बाईंनी ते सगळे फोटो उडवले. नंतर पाळी आली वर्णनांची. मी 'प्रशस्त' हा शब्द सढळ हाताने पेरला होता, ज्या बाल्कनीत कुंडी ठेवली की माणूस मावत नाही तिथेसुद्धा. बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, ज्या घरात तुम्ही स्वतः राहिलात असं एखादं घर लिहून आणा.

असं विकायचं घर माझ्याकडे एकच. आई गेल्यावर तूच म्हणालीस, विकून टाक, कुलूप लावून कशाला ठेवायचं. तेच घेतलं लिहायला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, इतकं लिहून झालं आणि मग हात थांबेना. न्हाणीघरात आवाज घुमतो म्हणून तू तिथे गात बसायचीस आणि बाहेर मी टॉवेल घेऊन ताटकळायचो. वरच्या फळीवरचा डबा काढायला मला खांद्यावर घ्यायचीस आणि खाली उतरवल्यावर डबा तुझा, उपकार माझ्यावर. मागच्या पायरीवर आई तुझ्या वेण्या घालायची. बाईंनी वाचलं, चष्मा पुसला आणि सगळं कापलं. ठेवली एकच ओळ: 'दुपारी स्वयंपाकघरात जमिनीवर ऊन येतं, तिथे पाय पसरून बसता येतं.' खाली बटण: 'या घराविषयी विचारा.'

ताई, त्या ओळीने कहर केला. लोक क्षेत्रफळ विचारत नाहीत, भाव विचारत नाहीत; ऊन कधीपर्यंत असतं ते विचारतात. फक्त त्या बटणामागे माझ्याऐवजी तुझा नंबर पडला. ही बाईंची गफलत. नळाचा सूड, दुसरं काय! मी त्यांना चांगलं खडसावणार आहे, जरा सवड मिळू दे.

मधूनमधून घर झाडायला जातो. (एवढासा केर काढायला एवढा वेळ लागतो का, असं तुझी भावजय विचारते.) ऊन अजून तिथेच येतं. पूर्वी दोन्ही बाजूंनी पाय यायचे, आपण लाथाळ्या करायचो आणि आई ओरडायची. आता सगळं ऊन माझ्या एकट्याच्या वाट्याला येतं आणि मला ते नको असतं. तुझी फार आठवण येते.

बाकी ठीक. दाजींना नमस्कार.

तुझा,
बारक्या

ता. क. बाईंवर आळ नको. नंबर मीच दिला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. मी फोन केला की तू 'गिऱ्हाईक आलं का' एवढं विचारतेस आणि कुकर लावायचाय म्हणून ठेवतेस. आईचा विषय काढला की कुकर. घराचा काढला की कुकर. वाटलं, परक्या माणसाने विचारलं तर तुला सांगावंच लागेल. परवा एक निवृत्त घड्याळजी आणि त्यांची बायको घर बघायला आले. म्हणाले, तुमच्या ताई इतकं बोलल्या की आमचा चहा निवला. वेण्यांचं सांगितलंस म्हणे. सांगता सांगता हसलीस. त्या म्हाताऱ्याचा मला इतका हेवा वाटला की मी त्यांना घर धड दाखवलंच नाही.

ता. क. दुसरा. तरी घर त्यांना पसंत आहे. अडलंय मागच्या दारापाशी. तू त्यांना फोनवर सांगितलंस तसं आम्ही तिघांनी आळीपाळीने गुडघा लावून दार वर उचललं आणि कडी ओढली. निष्पन्न एवढंच, की आता माझाही गुडघा तुझ्यासारखा दुखतो. ते दार तुझ्याशिवाय कुणाचं कधी ऐकलंय? त्यांची अट एकच, दार उघडून दाखवा, मग पुढचं बोलू. सुतार समोरच राहतो. त्याला बोलावलेलं नाही आणि बोलावणारही नाही. तू ये. दार उघड, थोडा वेळ उन्हात पाय पसर, आणि मग विकायचं की नाही ते सांग. तोवर त्या बटणामागे तुझाच नंबर राहील.