एक, दोन, चार

९ मार्च
समुद्रापलीकडच्या कंपनीला आमचा अल्बम हवाय! दहा गाणी, सगळी त्यांच्या भाषेत, विकायची फक्त तिकडे. इथल्या दुकानात एकही प्रत येणार नाही. राजे – आमचा गाणारा, तोऱ्यामुळे राजे – म्हणाला, आता न कळणारे शब्द गावे लागणार. ड्रममागून ढोल्या म्हणाला, आत्ता तरी कुठे कळून गातोस.

नऊ गाणी आहेतच. दहावं मात्र आजवर कुठेच न वाजलेलं हवंय. त्यानंतर कोणी माझ्याकडे बघेना. सगळ्यांना एकच गाणं आठवलं होतं. मी लिहिलेलं, खारूचं.

१० मार्च
हिला विचारलं. चादरीच्या घड्या घालत होतो, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. लेक गेल्यापासून आम्ही बोलतो ते असंच, हातात काहीतरी असताना.

"इथे नको," म्हणाली. "भाजी घेताना, रस्त्यानं जाताना कानावर पडायला नको मला. तिकडे वाजवा. तिकडे मी कधी जायची नाही." मग टोकं जुळवली. "तिचे आकडे मात्र तसेच ठेव."

ठेवतो म्हटलं.

११ मार्च
तिचे आकडे. खारू पाचची असताना तळघरात तालमीला यायची. बाटल्यांच्या उलट्या क्रेटवर बसायची. गाणं सुरू करताना ढोल्या एक-दोन-तीन-चार म्हणतो, ते काम तिनं काढून घेतलं. "एक, दोन, चार!" तीन कधीच नाही. ढोल्यानं समजावून पाहिलं. तर म्हणे, तीन मला आवडत नाही. विषय संपला! शेवटी आम्हीच शिकलो. तीन गाळायचा आणि तिच्या चारनंतर सगळ्यांनी एकदम उडी घ्यायची.

मग तो ताप. आठवडासुद्धा नाही.

क्रेट अजून तिथेच आहे. त्यावर कोणी बसत नाही. कोणी हलवतही नाही.

२ एप्रिल
तिकडची भाषा शिकवणाऱ्या बाईंकडे शब्द तपासायला. नळ उघडा टाकून गेलीस, ती ओळ. बाईंनी विचारलं, ही तुमची प्रेयसी का? म्हटलं, नाही, मुलगी. त्यांनी एक शब्द खोडला, दुसरा लिहिला. नंतर उठून उगाचच खिडकी लावून आल्या.

१९ एप्रिल
स्टुडिओत दहावं गाणं दुसऱ्याच टेकला रेकॉर्ड झालं. ढोल्यानं आकडे आपल्याच भाषेत म्हटले. एक, दोन, चार. आणि चारवर आम्ही सगळे एकदम गाण्यात आलो. चौघांपैकी एकही पाय चुकला नाही. राजे परक्या शब्दांत गात होता, तरी मला प्रत्येक ओळ आपल्याच भाषेत ऐकू आली.

संपल्यावर ढोल्या बुटाची नाडी बांधतो सांगून बाहेर गेला. त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

६ मे
तिकडच्या साहेबांचा निरोप. सगळं उत्तम. फक्त दहाव्याच्या सुरुवातीला एक ठोका कमी पडतो, नाचणारे अडखळतील, तेवढं आम्ही दुरुस्त करून घेऊ.

कळवलं की ती चूक नाही.

८ मे
साहेब फार सभ्य माणूस. भावना समजतात म्हणे. पण तिकडच्या ऐकणाऱ्याला काय माहीत? दहाव्यात बदल नको असेल तर दुसरं गाणं द्या, नाहीतर अल्बम पुढल्या वर्षावर जाईल.

राजे घरी आला होता. दवाखान्यात रात्री आमच्याबरोबर जागलेला माणूस, त्याला दगड म्हणता येत नाही. म्हणाला, एका ठोक्यासाठी सगळं अडवायचं का? वहिनी ऐकणार तर नाहीत.

ही आत स्वयंपाकघरात होती. आम्ही हळू बोलत होतो.

९ मे
हो म्हणून कळवलं. हिला सांगितलं नाही.

२७ जुलै
खोकं आलं. बँडसाठी म्हणून थोड्या प्रती. मी पेपरच्या ऑफिसात, बातम्यांच्या टेबलावर होतो, घरी यायला उशीर झाला. हॉलमध्ये दिवा नव्हता. रेकॉर्ड संपलेली, सुई तशीच खरखरत होती. ही समोर बसलेली.

"ऐकायचं नव्हतं मला," म्हणाली. "पण दारात आली ना ती."

मी सुई उचलली.

"तीन कुणी घातला?"

दुसऱ्या गाण्यातला ढोल्याचा तीन कापून इथे चिकटवलाय, म्हटलं. कंपनीनं.

"तुला विचारून?"

मी मान डोलावली. तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"तिला तीन आवडत नव्हता रे."

२८ जुलै
सकाळी तिच्या ताईकडे गेली. भांडण नाही, काही नाही. दूध फ्रीजमध्ये आहे म्हणाली.

३० जुलै
दूध नासलं.

१४ ऑगस्ट
साहेबांनी अभिनंदन कळवलंय. तिकडे दहावं गाणंच सगळ्यात जास्त वाजतंय. लोक आकड्यांसकट म्हणतात, आपल्या भाषेतले एक-दोन-तीन-चार! साहेबांना वाटतं मला आनंद होईल.

ताईकडे फोन केला. ताई म्हणाल्या, झोपली आहे. दुपारी बाराला.

२ सप्टेंबर
गाणं चाललं म्हणून कंपनीनं तिकडे दौरा ठरवलाय, त्याची तालीम. रेकॉर्डसारखं वाजवायचं, म्हणजे तीनसकट. जमलंच नाही. ढोल्या तीन म्हणाला की आम्ही वाजवायला लागायचो, चारच्या आधीच. पुन्हा. पुन्हा. राजे वैतागला, मग हसला, मग क्रेटकडे बघत उभा राहिला.

ढोल्यानं काड्या मांडीवर ठेवल्या. "मी तीन म्हणणार नाही," म्हणाला. "माझाच आवाज चोरून माझ्याच तोंडात घातलाय. मला शरम वाटते त्या पोरीपुढे."

मग राजेच म्हणाला, "अडखळू देत मग तिकडचे. पडतील, उठतील."

३ सप्टेंबर
साहेबांना कळवलं. स्टेजवर तीन नाही. नको असेल तर दौरा नको. हेच मे महिन्यात लिहायचं होतं.

ढोल्या विचारत होता, वहिनीला सांगू का? म्हटलं, नको. सांगून काय परत येणार आहे. कोण, ते त्यानं विचारलं नाही.

११ सप्टेंबर
दौऱ्याला होकार आला. ताईंकडून काही नाही. चादर एकट्यानं घडी केली. टोकं जुळत नाहीत.

१९ सप्टेंबर
फोन. हॅलो नाही. ढोल्यानं सांगितलेलं दिसतंय.

"आता इथेही वाजवा," म्हणाली. "चुकीचं सगळ्या जगानं ऐकलं. तिचं इथे तरी ऐकू दे."

भाजी घेताना कानावर पडेल, म्हटलं.

"पडू दे."

मग हळूच –

"एक. दोन. चार."

मी आलो.